उंबरबारीची पश्चिम हद्द

सोमवार, २ डिसेंबर

आज जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. चाळीस वर्षांपूर्वी शहरात विलीन झालेल्या उंबरबारी नगरपालिकेच्या जुन्या हद्दीचा नकाशा मी ऑक्टोबरमध्ये पूर्ण केला. त्यावर सही माझी आहे.
२. तो हरकतींसाठी जाहीर झाला आहे. मुदत शुक्रवार, १० जानेवारी.
३. नकाशात पश्चिम हद्द पेठ रस्त्यावरच्या जकात नाक्यापाशी संपते. नाक्यापलीकडचं मोकळं मैदान, ज्याला सगळे तळ म्हणतात, हद्दीबाहेर पडलं. हद्दीच्या आत असतं तर ते सार्वजनिक, म्हणजे आता शहराचं, राहिलं असतं.
४. शेजारच्या गटाचे मालक जयराम आप्पा यांनी गेल्या आठवड्यात तळाला तारेचं कुंपण घातलं. हद्दीबाहेरची जागा आपल्या गटातली आहे, असं ते म्हणतात.
५. आज सकाळी सुरगाण्याकडची टोळी द्राक्षबागांच्या कामासाठी तळावर उतरायला आली. कुंपण बघून रस्त्याच्या कडेला बसली.
६. मी तिथे पाण्याच्या टाकीची उंची घ्यायला गेले होते. टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "नकाशा काढनारी ती तूच का?"
७. मी हो म्हणाले.

बाईचं नाव साळूबाई. टोळीचा मुकादम बहिरू हा तिचा मुलगा. त्याची बायको मैना बोचक्याला टेकून बसली होती. तिचे दिवस भरत आलेत. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. साळूबाई टॅबलेटवर वाकून म्हणाली, "मंग आमी यात कुठं हाय ते दाखव."

मी बोट ठेवलं.

"कुंपनाच्या आत का भाईर?"

"बाहेर."

"ते तर मला डोळ्यानं बी दिसतंय," ती म्हणाली. बायका हसल्या. मी टॅबलेट बंद केला.

टोळी दरवर्षी भात निघालं की येते आणि द्राक्षं उतरेपर्यंत तळावर राहते. साळूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून येते. हे हद्द ठरवताना पुरावा म्हणून धरता येत नाही. राहणं वेगळं आणि मालकी वेगळी.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. कुंपणाच्या आत दगडी हौद आहे, जनावरांना पाणी पाजायचा. त्यात बिडाचा नळ आलेला आहे. नळ कुठून आला हे मी ऑक्टोबरमध्ये स्वतःला विचारलं नव्हतं.

बुधवार, ४ डिसेंबर

ऑफिसमध्ये शेखर सरांना हौदाचं सांगितलं. सर्व्हे कंपनी त्यांची आहे, काम त्यांनी आणलं, त्यामुळे आधी त्यांना सांगणं योग्य.

"अगं, वाटसरूंसाठी कुणीही पाणी द्यायचं पूर्वी. पुण्याचं काम," ते म्हणाले. "नाका उभा आहे, आपण नाका धरला. संपलं."

तर्क अगदीच टाकाऊ नाही. नगरपालिकेचा जो एकमेव नकाशा उरला आहे तो हाताने काढलेला आहे, त्याला प्रमाण नाही आणि पश्चिमेचा तुकडा फाटलेला आहे. हद्दीच्या रेषेवर एक चौकोन आणि त्यात "नाका" एवढंच वाचता येतं. जागेवर नाक्याची एकच चौकी उभी आहे, सध्या तिथे वडापावची गाडी लागते. पहिल्याच दिवशी सरांनी स्वतः तिथे गाडी थांबवून मला ती दाखवली, त्यामुळे माझा शोधायचा वेळ वाचला होता.

त्यांनी अजून एक सांगितलं. तळाच्या पलीकडे घाणेरीचं रान माजलं आहे, तिकडे फिरू नकोस, साप निघतात. एरवी ते असं सांगत नाहीत.

शनिवार, ७ डिसेंबर

उंबरबारीला रावजींकडे गेले. ते नगरपालिकेच्या नाक्यावर शिपाई होते आणि शेवटी नाकेदार झाले. वय ब्याऐंशी. नगरपालिका जाऊन चार दशकं झाली, पण त्यांच्या बोलण्यात ती अजून कामकाज करते.

आधी मला गावाचा भूगोल ऐकावा लागला. दोन टेकड्या, मधून खिंड, खिंडीतून पेठचा रस्ता. घाटावरून जे काही शहरात जायचं, गवत, लाकूड, कोळसा, नागली, तांदूळ, ते या खिंडीतून जायचं. म्हणून इथे बाजारपेठ वसली आणि म्हणून नगरपालिका झाली. नऊ सभासद, एक दवाखाना, टेकडीवर एक टाकी.

"शहरात टँकर फिरायचे ना ताई, तवा आमच्या नळाला धो धो पाणी. त्यांनी आम्हाला नाय घेतलं, आम्ही त्यांना घेतलं. हे लिहून घ्या."

"घेतलं," मी म्हणाले. लिहिलं नव्हतं.

"हद्द कुठवर होती?"

"नदीपर्यंत!"

नदी उंबरबारीपासून सहा किलोमीटरवर आहे. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग ओढ्यापर्यंत." ओढा पूर्वेला आहे. मी पश्चिमेचं विचारत होते. एकंदरीत साक्षीदार म्हणून रावजी बेभरवशाचे आहेत.

निघताना सहज विचारलं, नाका एकच होता का.

"एकच! माझा." मग जरा थांबून, "गुरुवारी तेवढा आत आणायचो."

मी परत बसले.

गुरुवारी बाजार असायचा. त्या दिवशी आडवा बांबू आणि पावत्यांची पेटी घेऊन शिपाई आतल्या चौकीवर यायचे, म्हणजे तळ त्या दिवसापुरता जकातीच्या बाहेर पडायचा. डोंगरातली माणसं तळावर माल विकायची आणि जकात न देता परत जायची. बाकी सहा दिवस नाका बारीच्या, म्हणजे खिंडीच्या, तोंडाशी, तळाच्या पलीकडे. तिथली चौकी कुडाची होती, ती पडली. बाजारची चौकी दगडी, ती राहिली.

"अध्यक्षसाहेबांना गोरगरिबांची कणव," रावजी म्हणाले. "देवमाणूस."

मी विचारलं, हे आधी कुणाला सांगितलं होतं का. "तुमचे साहेब आले होते ना श्रावणात. त्यांना सगळं फिरून दाखवलं. चहा पाजला. नंतर आलेच नाय."

सर श्रावणात आले होते हे मला माहीत नव्हतं. काम घेण्याआधी जागेची पाहणी केली असणार. चांगली पद्धत आहे. पण वृद्ध माणसाच्या बोलण्यातून हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

तर जिथे मी हद्द संपवली तो आठवड्यातून एका दिवसाचा नाका होता. हे खरं असेल तर माझी रेषा तळाच्या चुकीच्या बाजूने गेली आहे. पण एका माणसाच्या तोंडच्या आठवणीवर रेषा हलवता येत नाही, आणि हा तोच माणूस आहे जो हद्द नदीपर्यंत नेतो.

बुधवार, ११ डिसेंबर

रजा टाकून जमिनीखालचा पाइप शोधायचं यंत्र भाड्याने घेतलं. टेकडीवरच्या टाकीपासून सुरुवात केली. बिडाची लाइन रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ उतरते, बाजारच्या चौकीखालून जाते आणि पुढे जात राहते. हौदापाशी थांबते. म्हणजे हौदाचं पाणी नगरपालिकेच्या टाकीतलं.

कुंपणाच्या आत मी गेले नाही. तारेबाहेरूनच दांडा धरून चालले. साळूबाई सगळा वेळ बघत होती.

"काय हरवलं का?"

"पाण्याचा पाइप शोधतेय."

"आमच्या हौदाचा? मला इचारायचं ना. टाकीतून येतो."

"ते सिद्ध करावं लागतं."

"पानी पिऊन बी नाय सिद्ध व्हत?" ती म्हणाली आणि मला चहा दिला. घेतला. नाही म्हणायला वेळ जास्त लागला असता.

दुपारी ऑफिसात गेले. सरांच्या टेबलावर नवीन कामाची घडी घातलेली शीट होती, वर "उंबरबारी लेआउट, चौसष्ट प्लॉट" असं लिहिलेलं. नवीन काम मिळालं हे बरंच झालं, जानेवारीत आमच्याकडे फार काम नसतं. सरांनी शीट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. मी पाइपचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा वाटसरूंचं पुण्य सांगितलं.

शनिवार, १४ डिसेंबर

मैनाला सिव्हिलमध्ये तपासणीला न्यायचं होतं आणि बहिरू बागेवर होता. मी शहराकडेच जात होते म्हणून गाडीत घेतलं. साळूबाई मागे बसली. रांगेत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात मी साळूबाईला गुरुवारच्या नाक्याचं विचारलं. रावजींनी सांगितलेलं काहीही आधी सांगितलं नाही.

"गुरवारी नाका आत जायचा. व्हय," ती म्हणाली. "माझी सासू सांगायची."

"का जायचा?"

"आमी यायचं बंद केलं म्हनून."

तिच्या सासूच्या तरुणपणी नाक्यावर डोक्यावरच्या भाऱ्यालाही जकात लावली. गवताचा भारा विकला जायच्या आधीच त्यातल्या दोन पेंढ्या नाक्यावर ठेवाव्या लागायच्या. मग पाड्यापाड्यांनी ठरवलं आणि कुणी उंबरबारीला गेलंच नाही. सगळा माल दुसऱ्या वाटेने वणीच्या बाजाराला. इथे चुलीला लाकूड नाही, टांग्याच्या घोड्याला गवत नाही. दोन-तीन बाजार असे गेल्यावर नगरपालिकेची माणसं पाड्यावर आली.

"त्यांनी नाका हालवला, मंग आमी आलो. सासू म्हनायची, आख्खी नगरपालिका आमी बांबूवर उचलून मागं नेली." तिने हाताने बांबू उचलून दाखवला. रांगेतल्या बायका बघायला लागल्या.

"रावजी म्हणतात अध्यक्षांना दया आली."

"आली ना. गवत नाय मिळालं तवा आली."

दोन्ही हकिगती परस्परविरुद्ध आहेत. कुणाची खरी हे ठरवणं माझं काम नाही. पण दोन्हींमध्ये नाका हलतो, आणि दोन्हींमध्ये तो तळाच्या पलीकडून अलीकडे येतो. एकमेकांशी कधी न बोललेली दोन माणसं एवढ्या एका गोष्टीवर जुळतात. मला तेवढंच हवं आहे.

मैनाचं सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाल्या, आराम करायला सांगा. साळूबाई म्हणाली, "कुठं करायचा ते बी लिहून द्या."

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी सहाच्या सुमाराला बारीतून उतरणारा ट्रक कडेला घसरला. टोळीचा स्वयंपाक चालू होता. चूल, भांडी, पिठाचा डबा, सगळं चाकाखाली गेलं. माणसं पाण्याला गेली होती. मैना एकटी पालात होती, चाकापासून तीन मीटरवर. तीन मीटर मी टेपने मोजले. का मोजले हे सांगता येत नाही, नकाशात ते कुठेही लागत नाहीत.

बहिरूने मला फोन केला होता. त्याच्याकडे माझा नंबर तपासणीच्या दिवसापासून आहे.

साळूबाई चेपलेल्या ताटल्या गोळा करत होती. मला बघून म्हणाली, "या येळेला ताटल्या गेल्या."

जयराम आप्पाही तिथे आले होते. त्यांनी टोळीला दोन दिवस शेडमध्ये राहा म्हणून सांगितलं. बहिरूने विचारलं, "आनि तिसऱ्या दिवशी, आप्पा?" ते म्हणाले, "माझं कुणाशी वैर नाही. नकाशा काय सांगतो तेवढंच मी करतो." आणि माझ्याकडे बघितलं.

नकाशा काय सांगतो ते मी सांगितलेलं आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

आईने विचारलं, गच्चीवरची ताडपत्री कुठे गेली. कामाला लागली म्हणाले. मग विचारलं, जाड सतरंजीही कामाला लागली का. हो म्हणाले. आई स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी दाराशी पातेली आणि ताटं भरलेली पिशवी ठेवलेली दिसली. इंदिरानगरमधल्या या घरात आम्ही दोघीच असतो, एवढी भांडी आम्हाला लागत नाहीत हे खरंच आहे.

या लोकांबद्दल मला विशेष काही वाटतं असं नाही. चूक माझ्या सहीची आहे, म्हणून ती दुरुस्त होईपर्यंतची ही व्यवस्था.

रविवार, २२ डिसेंबर

पिशवी द्यायला गेले. ट्रकने चूल मोडली तेव्हा तिचे तीन दगड विखुरले होते. बायका नव्याने मांडत होत्या. एक दगड बाकीच्यांसारखा ओबडधोबड नाही, चारही बाजूंनी घडवलेला. मी तो उलटा केला. काजळीखाली अक्षरं होती. ओल्या फडक्याने पुसलं: उ. न. पा. आणि खाली ६.

उंबरबारी नगरपालिका. हद्दीचा दगड.

"कुठून आणलात?"

कुणालाच सांगता येईना. दरवर्षी जाताना चुलीचे दगड हौदाशेजारी ठेवून जातात, आल्यावर घेतात; यंदा तारेखालून ओढून घेतले. हा त्यात कायमचा आहे. साळूबाईला आठवतं तेव्हापासून.

बहिरू खूश झाला. "मंग झालं ना मॅडम! लिहिलेलंच हाय!"

मी त्याला सांगितलं की हलवलेला दगड काहीच सिद्ध करत नाही. उद्या कुणी तो इंदिरानगरला नेऊन ठेवला तर हद्द तिथे जात नाही. त्याचा चेहरा पडला. साळूबाई म्हणाली, "ही पोरगी स्वतःशीच भांडते बघ."

घरी येऊन फाटका नकाशा पुन्हा उघडला. हद्दीच्या रेषेवर ठरावीक अंतराने बारीक गोल आहेत. ऑक्टोबरमध्ये मी ते झाडं म्हणून नोंदवले होते. जुन्या नकाशांत रस्त्याकडेची झाडं अशीच दाखवतात. ती झाडं नाहीत, दगड आहेत. उत्तरेच्या टाकीमागचा एक मला आठवतो, त्यावर शेण थापलेलं होतं.

मंगळवार, २४ डिसेंबर

पुन्हा रजा टाकून, मोजणीचं यंत्र भाड्याने घेऊन गेले. टाकीमागचा दगड धुतला. उ. न. पा. ४. पक्का उभा आहे. पाचवा टेकडीच्या उतारावर सापडला, अर्धा मातीत. चार ते पाच अंतर आणि दिशा घेतली. दगड समान अंतराने लावलेले असतील तर सहावा तळाच्या वरच्या अंगाला येतो, तिथे आता नुसता खड्डा आहे, तोच चुलीत गेला. आणि सातवा तळाच्या पश्चिम कोपऱ्यावर, घाणेरीच्या रानात, रस्त्याला लागून.

बहिरूने कोयत्याने वाट काढली. साप निघाला नाही. मी टॅबलेटवरच्या बिंदूपर्यंत गेले आणि समोर कुंपणाचा कोपरा आला. तिन्ही कोपऱ्यांना लोखंडी खांब आहेत. चौथ्याला नाही. कुंपणवाल्याला तिथे आयता घट्ट दगड मिळाला, त्याने तार त्यालाच गुंडाळली. अक्षरं आतल्या बाजूला होती. तारेतून फोन घालून फोटो काढला.

उ. न. पा. ७.

बहिरू फोटोकडे बघून हसत खाली बसला. "आप्पांनी कुंपन नगरपालिकेला बांधलं!"

मी रस्त्याच्या बाजूने, कुंपणाबाहेर, पाया उकरला. चुन्यात खडी घालून बसवलेला आहे, चुना अखंड आहे. हा दगड लावल्यापासून हललेला नाही. चार, पाच आणि सात एका रेषेत येतात. तळ संपूर्ण हद्दीच्या आत आहे. हौद, नळ, दोघांच्या हकिगती, सगळं या रेषेत बसतं.

परत येताना साळूबाईने विचारलं, "आता नाय ना भांडत?"

"नाही."

"मंग चहा घे. आता तुझ्याच भांड्यातला हाय."

शुक्रवार, २७ डिसेंबर

सरांना सगळं दाखवलं. त्यांनी फोटो बराच वेळ मोठा करून बघितला.

"दगड हलतात गं."

"हा नाही हलला. पायाला चुना आहे."

"कुणी बघितलं?"

"मी. फोटो आहेत, मोजमाप आहे. सहीसाठी पंच आणता येतील."

ते खुर्चीत मागे टेकले. "सृष्टी, आपला नकाशा चुकला असं आपणच सांगायचं? उद्या कोण काम देईल आपल्याला? हरकत घ्यायची तर लोक घेतील की."

"त्यांनी घेतली तर पुरावा लागेल. पुरावा आपल्याकडे आहे."

"तू फार सरळ रेषेत चालतेस."

"सर्व्हेत तसंच चालतात, सर."

ते हसले. मग म्हणाले, कळवणला कालव्याचं काम आलं आहे, तिथली प्रमुख तू. सोमवारपासून. राहायची सोय आहे.

कळवणचं काम मी वर्षभर मागत होते. दोनदा दुसऱ्यांना गेलं. मी म्हणाले, दहा तारखेनंतर जाईन. ते म्हणाले, सोमवारी जायचं तरच. आणि उंबरबारीच्या कागदांची फाइल माझ्याकडून मागून घेतली. दिली. ती कंपनीची आहे. मोजमाप मी माझ्या रजेच्या दिवसांत, माझ्या पैशाने भाड्याने घेतलेल्या यंत्रांनी केलं आहे, ते माझ्याकडे आहे.

मी सोमवारी कळवणला जाणार नाही हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं होतं. ते लगेच सांगायला हवं होतं. "बघते" म्हणाले. हे मला आवडलेलं नाही.

सोमवार, ३० डिसेंबर

कळवणला गेले नाही. ऑफिसात गेले. माझ्या टेबलावरचा मोठा स्क्रीन नेला आहे.

दुपारी रावजींकडे जाऊन जबाब लिहून घेतला. हद्द नदीपर्यंत होती हे त्यांना त्यात घालायचं होतं. मी नाही म्हणाले. मग अध्यक्षसाहेब देवमाणूस होते एवढं तरी घाला म्हणाले. तेही घातलं नाही. ते रुसले, पण सही केली. सही करताना म्हणाले, "त्या डोंगराच्या बाया काय सांगतात?"

सांगितलं.

रावजींनी पेन खाली ठेवलं. "माझा बाप त्या नाक्यावर होता," ते म्हणाले. "पेंढ्या आमच्याच गोठ्यात यायच्या." मग लगेच, "हे लिहू नका."

जबाबात लिहिलं नाही. परत येताना साळूबाईचाही जबाब लिहून घेतला, तिने अंगठा दिला.

शनिवार, ४ जानेवारी

मैनाला काल मुलगी झाली, सिव्हिलमध्ये. दोघी बऱ्या आहेत. साळूबाईने बाळ माझ्या हातात दिलं, मी विचारलं नव्हतं. वजन दोन किलो आठशे, असं कार्डावर आहे. धरल्यावर जास्त वाटतं.

"रस्त्यावर झाली असती तर डांबरी नाव ठेवलं असतं," साळूबाई म्हणाली. मैना उशीत तोंड घालून हसली.

येत्या आठवड्यात घरी सोडतील, नर्स म्हणाली. घरी म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मी त्यांना आमच्याकडे यायला सांगितलं. आईनेच सांगायला सांगितलं होतं. साळूबाई म्हणाली, "तिला आनि पोरीला पाठविते चार दिस. बाकीची टोळी काय तुझ्या गच्चीवर बांधशील? आमाला आमचा तळ दे."

दे म्हणाली. मी देणारी कुणी नाही. पण माझ्या सहीने तो गेला आहे, एवढं खरं.

रविवार, ५ जानेवारी

दिवसभर बसून दुरुस्त नकाशा पूर्ण केला. पश्चिम हद्द दगड चार, पाच, सात. सहाव्याची जागा तुटक रेषेने दाखवली आणि "दगड मूळ जागी नाही" असं लिहिलं. आतल्या चौकीपाशी लिहिलं: "बाजाराच्या दिवसाचा नाका."

आता फक्त एकच प्रश्न उरतो, की तो कुणाच्या नावाने जाईल. कंपनीने स्वतः दुरुस्ती दिली तर ती तातडीने मान्य होईल. मी एकटीने हरकत म्हणून दिली तर सुनावणी लागेल, वेळ जाईल, आणि माझी नोकरीही. तरी पुरावा तोच राहतो.

सर श्रावणात रावजींना भेटले होते, त्याबद्दल आज पुन्हा विचार केला. लेआउटच्या शीटबद्दलही. त्या दोन बिंदूंमधून एक रेषा जाते. तिसरा बिंदू माझ्याकडे नाही. तो मागायलाही मी जाणार नाही. मला त्याची गरज नाही.

सोमवार, ६ जानेवारी

सरांना आज सकाळी पत्र दिलं. हातात दिलं आणि मेलही केला. त्याची नक्कल इथे ठेवते.

आदरणीय शेखर सर,

उंबरबारी नगरपालिकेच्या जुन्या हद्दीच्या नकाशात पश्चिमेची रेषा चुकली आहे. ती मी काढली होती. ज्या चौकीपाशी ती संपवली तिथे नाका फक्त गुरुवारी असे. एरवीचा नाका तळाच्या पलीकडे, बारीच्या तोंडाशी होता. हद्दीचा सातवा दगड तिथेच मूळ जागी उभा आहे. सध्या त्याला कुंपणाची तार बांधलेली आहे.

दुरुस्त नकाशा, दगडांचे फोटो, पाइपलाइनचं मोजमाप आणि दोन जबाब सोबत जोडले आहेत. दुसरा नाका आपल्याला माहीत नसावा असं मी गृहीत धरलं आहे, आणि कुठेही याहून वेगळं लिहिलेलं नाही.

टोळी अजून रस्त्याच्या कडेला आहे. तिच्यात एक नवजात मुलगी येणार आहे.

हरकतींची मुदत शुक्रवारी संपते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी हा नकाशा दाखल करणार आहे. तो कंपनीच्या नावाने द्यायचा की माझ्या एकटीच्या, एवढंच आपण ठरवायचं आहे. कळवणचं काम दुसऱ्या कुणाला दिलंत तरी माझी तक्रार नाही.

कृपया गुरुवार, ९ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं.

सृष्टी